प्रेसवर बोटं गेली की 'लक्ष नव्हतं', विषय संपला?

तालुक्याचा_फिटर | ५ मे २०२४, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्स पाहतो. कारखाना म्हणजे टिनाचं शेड, दोन लेथ, एक शिअरिंग, तीन पॉवर प्रेस (पत्रा कापायच्या-वाकवायच्या मशीन) आणि वेल्डिंगवाले. पेरणी यंत्राचे फण, वखराच्या पासा, ट्रॉलीचे कब्जे असं काम. मृग लागायच्या आधीचे दोन महिने आमचा सिझन. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दारात उभा असतो, मालक पीस रेट थोडा वाढवून देतात, म्हणून पोरं जेवणाची सुटीही मारतात.

परवा ३० टनी प्रेसवर एका पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं, मुळापासून. वय पंचवीस. मालक म्हणाले लक्ष नव्हतं. सुपरवायझर म्हणाला लक्ष नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात पोराचा बापही तेच म्हणाला, "त्याचं ध्यानच नाही राहत कुठं." कोणीतरी वरून मोबाईल पाहत होता असंही जोडून दिलं. मोबाईल त्याच्या डब्याच्या पिशवीत होता, मीच काढून बापाजवळ दिला.

संध्याकाळी क्लच खोलला. किल्लीची, म्हणजे फिरतं चाक प्रेसला जोडणाऱ्या लोखंडी तुकड्याची, कड घासून गोल झालेली, स्प्रिंग मेलेली. म्हणजे पायडल एकदा दाबला तरी प्रेस दोनदा मारणार. पहिला स्ट्रोक झाला की तुकडा काढायला हात आत घालायचा, हेच तर त्याचं काम. दुसरा स्ट्रोक त्याने मागितलाच नव्हता. यात लक्ष कुठं कामी येणार होतं?

मालकांना दाखवलं. नवी किल्ली टाकू म्हणाले, टाकलीही. पण तीही घासणारच. मला विचारायचं ते हे, की या जुन्या पिन क्लचच्या प्रेसवर काय बसवलं म्हणजे बोट आत जाणारच नाही? खर्च ऐकून मालक उठून जाऊ नये असं काही सांगा. आणि त्या पोराला काय मिळू शकतं, कोणाकडे जावं, हेही कोणाला माहीत असेल तर लिहा.

काटोलचा_लेथवाला | ५ मे २०२४, रात्री १०:४०

बाप्पा! आमच्या इकडे बी एक प्रेस अशीच डबल मारते. पोट्टे म्हणतात आज मशीन मूडमंदी नाही. मूड कायचा रे, किल्ली खतम झाली तिची. सेठले सांगतलं तं म्हणते दसऱ्याले पाहू. खांडेनवमीले हार घालते, हळदकुंकू वाह्यते, नारळ फोडते, पण क्लचचं झाकण काही कोणी उघडत नाही.

पुणेकर_डिझाईन | ५ मे २०२४, रात्री ११:०५

लाईट कर्टन बसवा. डायसमोर, म्हणजे साच्यासमोर, किरणांचा पडदा, हात मध्ये आला की मशीन थांबतं. आता पूर्वीइतके महाग राहिलेले नाहीत. नाहीतर किमान दोन हातांनी दाबायची बटणं तरी. हे सगळं कितीतरी वर्षांपूर्वीचं तंत्रज्ञान आहे, आपल्याकडे अजून पायडल चालतात याचंच आश्चर्य वाटतं.

निदेशक_शीटमेटल | ६ मे २०२४, सकाळी ६:३५

पुणेकर साहेब, सल्ला चांगला आहे पण चुकीच्या मशीनसाठी आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण नेमक्या याच गैरसमजात लोक पैसे घालून बसतात.

पिन क्लचची प्रेस चालते कशी? फ्लायव्हील मोटारवर सतत फिरत असतं. पायडल दाबला की पिन किंवा किल्ली फ्लायव्हीलमध्ये अडकते, क्रँक त्याच्यासोबत फिरतो, रॅम (वरून मारणारा ठोकळा) खाली येऊन वर जातो, आणि वर पोचल्यावर कॅम त्या पिनेला बाहेर ढकलतो. एकदा पिन अडकली की अख्खा फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. गोफणीतून सुटलेला दगड जसा हाताने मागे बोलावता येत नाही, तसंच. आता तुमचा लाईट कर्टन हात पाहील, सिग्नल देईल, पण थांबवणार काय? मधल्या रस्त्यात थांबायची सोयच या मशीनला नाही. लाईट कर्टन हा मधेच थांबू शकणाऱ्या एअर क्लच-ब्रेकच्या नाहीतर हायड्रॉलिक प्रेसचा दागिना आहे.

दोन बटणांचंही तसंच. बटणं सोडून हात डायपर्यंत पोचायला लागणारा वेळ हा रॅम खाली यायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त हवा. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. मिनिटाला ६० स्ट्रोकची प्रेस आणि पिन अडकायची जागा एकच असेल, तर सगळ्यात वाईट वेळी बटण दाबल्यापासून डाय मिटेपर्यंत दीड सेकंद जातो. एक पूर्ण फेरा पिन सापडायला, अर्धा फेरा खाली यायला. दीड गुणिले १.६, म्हणजे बटणं डायपासून २.४ मीटर लांब पाहिजेत! प्रत्यक्षात ती मशीनच्याच अंगावर, हातभर अंतरावर लावलेली असतात. वर एका बटणाला टेप किंवा लाकडाची पाचर मारली की काम एका हातावर येतं. आणि या धाग्यातला अपघात तर डबल स्ट्रोकचा आहे, तिथे बटणं दोन असोत की चार, फरक शून्य.

मग काय करायचं? जाळी. डायभोवती पक्का, बोल्टने कसलेला पिंजरा. पट्टी सरकत आत जाते, तुकडा खाली पडतो, स्क्रॅप दुसरीकडून बाहेर. कुठलीही फट ६ मिलिमीटरच्या वर नको. ६ मिलिमीटरमधून पट्टी जाते, बोट जात नाही. उभ्या सळ्यांचा करा, म्हणजे डाय दिसते. पत्र्याने बंद केलात तर ऑपरेटर तिसऱ्या दिवशी काढून फेकेल आणि त्यात त्याची चूक नसेल. हे सगळं तुमच्याच वर्कशॉपात, तुमच्याच वेल्डरकडून होतं. सामान स्क्रॅपच्या ढिगात पडलेलं असतं.

अवघड आहे ते दुसऱ्या ऑपरेशनचं. कापलेला एकेक तुकडा हाताने डायवर ठेवून वाकवायचा असतो तेव्हा पिंजरा आड येतो. तिथे सरकती खालची डाय करा, ड्रॉवरसारखी. बाहेर ओढायची, तुकडा ठेवायचा, आत ढकलायची, मग स्ट्रोक. तेही जमत नसेल तर चिमटा किंवा चुंबकाची दांडी. चिमटा ॲल्युमिनियमचा, म्हणजे सापडला तरी डाय फुटत नाही आणि मालकाची ओरड होत नाही. पण चिमटा हा जाळीला पर्याय नाही, शेवटचा उपाय आहे.

पायडलवर वरून आणि बाजूने पत्र्याची टोपी बसवा. वरून पाना पडला, कोणाचा पाय चुकून लागला, तरी स्ट्रोक होतो. आणि ब्रेकचा पट्टा पाहा. त्यावर तेल गळत असेल तर रॅम वर येऊन थांबत नाही, घसरत पुढे जातो. ऑपरेटरला वाटतं थांबला.

मालकाची_बाजू | ६ मे २०२४, दुपारी १:२०

अमरावतीकडे माझं छोटं युनिट आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. शिव्या पडतील, पडू द्या.

जॉबवर्क देणारा पैशा-पैशावर भांडतो. माल उशिरा गेला तर पुढची ऑर्डर शेजाऱ्याला. माझ्याकडे दोन प्रेसवर जाळ्या आहेत, निरीक्षक येऊन गेले तेव्हा बसवल्या. ऑपरेटर स्वतःच काढून ठेवतो, कारण त्याचे पीस कमी होतात आणि पीस कमी म्हणजे पैसे कमी. मी दिवसभर त्याच्या डोक्यावर उभा राहू का? मोठ्या शहरातल्या कारखान्यांनी एअर क्लच घेतले, त्यांच्या जुन्या पिन क्लचच्या प्रेस स्वस्तात आमच्याकडे आल्या. आम्ही त्या घेतल्या म्हणून या गावात चार पोरांना काम आहे. नाहीतर सगळे पुण्याला.

तालुक्याचा_फिटर | ६ मे २०२४, रात्री ९:१५

निदेशक सर, शतशः आभार. हे मला आयटीआयमध्येही कोणी असं फोड करून सांगितलं नव्हतं.

मालक साहेब, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आमच्याकडेही तेच घडतं. पण पोरगा जाळी काढतो ती पीस रेटमुळे, आणि पीस रेट ठरवणारे तुम्ही. जाळी लावलेल्या मशीनवर दिवसाचा पगार द्या, मग पाहू कोण काढतो. दुसरं म्हणजे जाळी पान्याशिवाय निघूच नये. आमच्याकडे बायंडिंगच्या तारेने बांधली होती, तिला जाळी म्हणायचं का?

वायरमन_भाऊ | ६ मे २०२४, रात्री १०:०२

एक गोष्ट राहून गेली सगळ्यांची. लाईट.

आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात लाईट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको. लाईट गेली की मशीन थांबते, ऑपरेटर म्हणतो चला डायमध्ये अडकलेला तुकडा काढून घेऊ. हात आत, आणि लाईट परत. स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल चांगली असेल तर मोटार आपोआप सुरू होत नाही, हिरवं बटण दाबावं लागतं. पण मी कितीतरी वर्कशॉपांत पाहिलं, कॉइल जळाली म्हणून कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला स्विच) लाकडाच्या तुकड्याने दाबून ठेवलेला. एका ठिकाणी तर शेतातल्या पंपाला लावतात तो ऑटो स्विच मशीनला लावलेला! पंपाला ठीक आहे, रात्री दोनला लाईट येते आणि शेतकऱ्याला झोपायचं असतं. (महावितरण त्यालाही नाही म्हणते, पण ते असो.) मशीनला ऑटो स्विच म्हणजे सुपारी देणं झालं.

आणि मोटार बंद केली म्हणजे प्रेस बंद झाली असं नाही. फ्लायव्हील कितीतरी वेळ फिरत राहतं. तेवढ्यात पायडल दबला तर पूर्ण ताकदीने मारते. फ्लायव्हील ठार थांबेपर्यंत हात नको.

निदेशक_शीटमेटल | ६ मे २०२४, रात्री १०:३०

वायरमन भाऊ, शंभर टक्के. त्यातच एक भर. डाय बदलताना रॅमच्या खाली लोखंडी ठोकळा लावायचा. कितीतरी डाय-सेटर मोटार बंद करून निवांत आत वाकतात आणि रॅम स्वतःच्या वजनाने खाली सरकतो.

ग्रामीण_सिस्टर | ७ मे २०२४, पहाटे ४:५०

नाईट ड्युटीवर आहे, आता जरा शांतता आहे म्हणून लिहिते. मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. कारखान्यातून, थ्रेशरवरून, कडबा कटरवरून आलेले हात आम्ही पाहतो. मशीनबद्दल मला कळत नाही, पण मशीनपासून आमच्या दारापर्यंतच्या रस्त्यात जे होतं त्याबद्दल बोलू शकते.

हात डिझेलने धुवून आणतात. ग्रीस निघावं म्हणून. हळद भरतात, कॉफी पावडर भरतात, कुठेकुठे चुनाही. मनगटाला सुतळी आवळून बांधतात, बोटं काळीनिळी पडेपर्यंत. हे काही करू नका. स्वच्छ कापड किंवा गॉज जखमेवर घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचलून ठेवा, अंगठी-कडं लगेच काढा, कारण पाच-दहा मिनिटांत सूज येते आणि मग ते कापावं लागतं. पाणी-चहा पाजू नका, बहुतेक वेळा भूल द्यावी लागते.

तुटलेलं बोट. एक पोरगा ते रुमालात गुंडाळून खिशात घालून आला होता, दुसरं एक थेट बर्फाच्या पिशवीत आलं, पांढरंफटक, गोठलेलं. गोठलेलं बोट जोडता येत नाही. बोट साध्या सलाईनच्या पाण्याने ओलं केलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचं (सलाईन नसेल तर स्वच्छ पिण्याचं पाणी), ते कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवायची. बर्फ आणि बोट यांची भेट होता कामा नये. असं ठेवलेलं बोट बारा तासांनंतरही जोडता येऊ शकतं, पण मनगटातून किंवा पंजातून हात तुटला असेल तर तिथे स्नायू असतात, सहा तासांच्या आत पोचायला हवं. प्रेसमध्ये बोट बहुधा चिरडलेलं असतं, जोडता येईलच असं नाही. तरी ते ठरवू द्या सर्जनला. तुम्ही तिथेच टाकून देऊ नका.

१०८ ला फोन करताना बोट तुटलं आहे हे स्पष्ट सांगा. इथे आमच्याकडे टाके घालून वेळ घालवण्यापेक्षा रक्त थांबवून पुढे, जिथे प्लास्टिक सर्जन हजर आहे तिथे जा. नागपूर असो, सेवाग्राम असो, सावंगी असो, आधी फोन करून सर्जन आहे का विचारूनच निघा. नाहीतर तिथूनही पुढे पाठवतात आणि रस्त्यातच वेळ संपतो.

अजून एक, हे फार कमी लोकांना माहीत आहे. ग्रीस गनचा किंवा हायड्रॉलिकच्या फुटलेल्या पाईपचा फवारा बोटाला लागला, आणि टाचणी टोचल्यासारखं एक छोटं छिद्र दिसतं. दुखत नाही, माणूस कामाला परत लागतो. आत मात्र ग्रीस बोटातून तळहातापर्यंत शिरलेलं असतं. संध्याकाळपर्यंत हात टम्म. हे त्याच दिवशी ऑपरेशन करायचं दुखणं आहे, मलम लावायचं नाही.

आणि शेवटचं, आमच्या रजिस्टरबद्दल. सोबत आलेला माणूस बरेचदा सांगतो, "गाडीवरून पडला" किंवा "घरी कडबा कापताना." कागदावर तेच चढतं. पेशंट शुद्धीवर असतो तरी गप्प बसतो, कारण सांगणारा सुपरवायझर शेजारी उभा असतो. कारखान्यात मशीनवर झालं असेल तर तसंच सांगा आणि एमएलसी (पोलिसांत जाणारी दवाखान्याची नोंद) करून घ्या. पुढे सगळं त्या एका ओळीवर अडतं.

काटोलचा_लेथवाला | ७ मे २०२४, सकाळी ८:१०

सिस्टर, तुमचं हे प्रिंट काढून शेडमंदी लावतो. ग्रीस गनचं तं मले ठावूकच नव्हतं.

लेथवाल्याईले एक सांगतो. हातमोजे घालून लेथवर, ड्रिलवर काम करू नका. सेफ्टीवाले हातमोजे वाटतात अन् फोटो काढतात, पण फिरणाऱ्या मशीनवर मोजाच हाताले वढून नेते. चकमंदी मोजाचा एक धागा गुतला की मनगट गेलं समजा. फुलबाहीचा शर्ट, गळ्यातला गमछा, मनगटाचा गंडा, हे सगळं बाहेर काढून ठेवायचं. बुरादा हातानं नाही काढायचा, हुक ठेवा. पत्रे उचलायले मोजे घाला, चालू मशीनवर नाही.

डावखुरा_झालो | ७ मे २०२४, रात्री ८:४५

मी अचलपूरकडचा. माह्ये उजव्या हाताचे तीन बोटं प्रेसमंदीच गेले, म्हून नाव असं ठेवलं. लिहू का नको असा इचार करत होतो.

लोक म्हणतात नवशिक्याले लागते. माह्यासंगं ज्याईचे बोटं गेले थे सगळे जुने हात. नवा पोट्टा भेतो, सावकाश करते. जुन्याचा हात मशीनच्या तालावर चालते, डोकं मोकळं असते. मशीन ताल चुकली की हात तिथंच असते.

दुखणं कसं असते थे सांगतो, कारण दवाखान्यात कोणी सांगत नाही. बोट नसते पण त्याचं टोक ठणकते. हिवाळ्यात थंडी पडली की उरलेले खुंट निळे पडतात अन् अशे झोंबतात की चुलीपाशी हात धरून बसा लागते. कापूस वेचायले गेलो तं बोंडातून कापूस सुटत नाही, बोटाची चिमटच होत नाही. नटबोल्ट धरता येत नाही, मोबाईल मात्र येते. डॉक्टरनं टाके काढले अन् झालं म्हणाले. हाताचा व्यायाम कोणी सांगतलाच नाही. मंग नागपूरले एकानं फिजिओथेरपीत पाठवलं, तोवर उरलेलं एक बोट आखडून गेलं होतं. त्या पोराले सांगा, टाके निघाले की लगेच व्यायाम, दुखलं तरी. जखम भरली की खुंटाले कापसानं, मंग कापडानं, मंग खडबडीत कापडानं घासत राहा. झोंबणं कमी होते.

मालकानं मले दवाखान्याचा खर्च देल्ला, दोन महिन्याचा पगार देल्ला अन् एका कागदावर सही घेतली. आता थोच कारखाना मले वॉचमन म्हून ठेवते. वाईट नाही माणूस. पण सही कायची होती थे मले आजबी माहीत नाही.

कोर्टकचेरी_यवतमाळ | ७ मे २०२४, रात्री ११:३०

डावखुरा भाऊ, त्या सहीबद्दल आधी. २०२४ मध्ये लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात स्पष्ट आहे की कामगाराने आपला हक्क सोडला असा कुठलाही करार चालत नाही. आणि मालक-कामगारांत रक्कम ठरली तर त्याचं टाचण या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावं लागतं. कपाटात ठेवलेल्या कागदाला अर्थ नाही. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं. ती उलटली असली तरी पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. कागद घेऊन एखाद्या वकिलाला दाखवा.

आता धाग्यातल्या पोराचं. पहिला प्रश्न, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आहे का? पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्का कापला जातो का ते पाहा. महिना २१,००० पर्यंत पगारवाले त्यात येतात. असेल तर बरा होईपर्यंत रोजच्या मजुरीच्या सुमारे ९० टक्के मिळतात, आणि मेडिकल बोर्ड जी टक्केवारी ठरवेल त्याप्रमाणे पुढे पेन्शनसारखी रक्कम. अपघाताच्या लाभासाठी किती हप्ते भरले ही अट नाही, कामाच्या पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. ईएसआय असेल तर १९२३ च्या कायद्याखाली वेगळं मागता येत नाही.

ईएसआय नसेल तर १९२३ चा कायदा. चार माणसांचं वर्कशॉप असलं तरी लागतो. हिशोब असा: पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. पंचविसाव्या वर्षाचा गुणक २१६.९१. पगार १२,००० धरू. ७,२०० गुणिले २१६.९१ म्हणजे १५,६१,७५२. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात २० टक्के, म्हणजे सुमारे ३,१२,३५०. तीन बोटांना ३० टक्के, चार बोटांना ५०, एकट्या अंगठ्याला ३०, पूर्ण पंजाला ६०. तर्जनी एकटी गेली तर १४, करंगळी ७. औषधपाण्याचा खरा खर्च याशिवाय वेगळा. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि वर दंडही लागू शकतो.

पण तक्ता म्हणजे शेवट नाही. श्रीनिवास सबाता नावाच्या सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ते पूर्ण अपंगत्व होत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये म्हटलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. प्रत्येक बोटाला हे लागू होईल असं मी म्हणत नाही, पण उजव्या हाताच्या माणसाची उजवी तर्जनी आणि मधलं बोट गेलं तर तो कुठलं काम करू शकत नाही हे डॉक्टरकडून लिहून घ्या.

'लक्ष नव्हतं' हा बचाव कायद्यात नाहीच. बचाव आहे तो दारू प्यायलेला असणं, सुरक्षेच्या आदेशाची मुद्दाम पायमल्ली करणं, किंवा जाळी मुद्दाम काढणं याचा. तोही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर चालत नाही. म्हणून मालक 'त्यानेच जाळी काढली' असं म्हणायला लागतात. फिटर भाऊ, तुम्ही खोललेल्या क्लचचे फोटो आहेत का? जुनी किल्ली फेकू नका.

सूत्रधार | ८ मे २०२४, सकाळी ९:००

कृपया कोणीही कारखान्याचं, गावाचं किंवा जखमी व्यक्तीचं नाव प्रतिसादात लिहू नये. दोन प्रतिसाद काढले आहेत.

पितळवाली_ताई | ८ मे २०२४, दुपारी ३:३०

इथे सगळे प्रेसवरच बोलत आहेत. मी भंडाऱ्याकडची, आमच्याकडे पितळी भांड्यांच्या पॉलिशिंगवर बायका असतात. बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) ताटाची कड सापडली की ताट हातातून उडतं आणि जाताना तळहात चिरत जातं. आम्ही बोटांना चिंध्या गुंडाळतो, गरम लागतं म्हणून. तीच चिंधी बफमध्ये जाते. शिकवणारी जुनी बाई एकच सांगायची, भांडं नेहमी चाकाच्या खालच्या अर्ध्यात धर, कड चाकाच्या फिरण्याच्या विरुद्ध नको देऊस. तेवढ्यावर आमचा हात वाचतो. चालू पट्ट्याला तेल घालायला मात्र आम्हालाच सांगतात, म्हणे तुमचा हात बारीक आहे.

कोर्टकचेरी_यवतमाळ | ८ मे २०२४, सायंकाळी ६:१०

ताई, २०२४ मध्ये लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २२ काढून दाखवा त्यांना. चालू मशीनचे असे भाग साफ करणं, तेल देणं, जुळवणं हे बायकांना आणि अठराखालच्या मुलांना सांगायलाच मनाई आहे, जिथे लागण्याचा धोका असतो तिथे. तुमचा हात बारीक असल्याचा उल्लेख कायद्यात मला तरी सापडला नाही.

मालकाची_बाजू | ९ मे २०२४, रात्री १०:२०

मी वाचतो आहे बरं. निदेशक सर, ड्रॉवरसारख्या डायचं एखादं रेखाटन इथे टाकता येईल का? आणि वकील साहेब, अपघात झाल्यावर निरीक्षकांना कळवलं तर ते आधी माझ्यावरच केस करतील, मग कळवायचं कशाला?

कोर्टकचेरी_यवतमाळ | ९ मे २०२४, रात्री ११:००

कारखाना नोंदणीकृत असेल आणि कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकत नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं बंधनकारक आहे, त्याच अधिनियमाचं कलम ८८. न कळवणं हा वेगळा गुन्हा. कळवलंत तर एकाच गोष्टीचं उत्तर द्यावं लागेल, लपवलंत आणि नंतर दवाखान्याच्या कागदातून निघालं तर दोन गोष्टींचं. भरपाईसाठी विमा घेतला आहे का? कामगार भरपाईची पॉलिसी मिळते. बहुतेक छोट्या मालकांकडे इमारतीचा, मालाचा, गाडीचा विमा असतो, माणसांचा नसतो.

तालुक्याचा_फिटर | २ जून २०२४, रात्री ९:४०

उशिरा लिहितो, सिझन चालू आहे.

३० टनीवर जाळी बसवली. १० मिलिमीटरच्या उभ्या सळ्या, अँगलच्या चौकटीत, बोल्स्टरला (प्रेसच्या खालच्या टेबलाला) चार बोल्टने कसलेली. वेल्डरने अर्ध्या दिवसात केली. पट्टी डावीकडून खाचेतून आत जाते. पहिले दोन दिवस पोरं कुरकुरत होती, पट्टी अडकते म्हणून. खाचेच्या तोंडाला थोडी उतरती पत्री लावली, आता सरळ सरकते. पायडलला टोपी तिन्ही प्रेसवर. स्टार्टरची कॉइल बदलली. रोज सकाळी बिनकामाचे दहा स्ट्रोक मारून रॅम नेमका वर थांबतो का ते पाहतो आणि वहीत सही करतो. ही वही मालकांनीच सुचवली, कारण विमावाल्याने मागितली.

वाकवायच्या प्रेसवर अजून काही नाही. ड्रॉवर डायला मालक पावसाळ्यानंतर म्हणतात. तिथे सध्या चिमटे आहेत.

पोरगं परत कामावर यायचं म्हणतं. ईएसआय नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर 'कारखान्यात मशीनवर' असंच आहे, सिस्टरांचं वाचून मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. बापाला वकिलाकडे नेलं आहे. मालक माझ्याशी जरा कमी बोलतात, पण काढलं नाही. जुनी किल्ली माझ्या पेटीत आहे.

जाळीचा फोटो टाकतो आहे, सर एकदा पाहा.

निदेशक_शीटमेटल | ३ जून २०२४, सकाळी ६:२०

छान झाली आहे. स्क्रॅप बाहेर पडतो त्या बाजूची फट मात्र फोटोत मोठी दिसते, अंगठा सहज जाईल. अडकलेला स्क्रॅप ओढायला माणूस त्याच बाजूने हात घालतो. तिथे मागे एक ८-९ इंचांचं पत्र्याचं नळकांडं जोडा, म्हणजे बोटं घातली तरी पंचपर्यंत (डायच्या वरच्या भागापर्यंत) पोचणार नाहीत. आणि सळीला पिवळा रंग मारला आहे तो डोळ्यासमोर चमकतो, डाय नीट दिसणार नाही. आतून काळा मारा.

काटोलचा_लेथवाला | ३ जून २०२४, सकाळी ७:५५

फिटर भाऊ, चौकटीचं माप टाका ना. आमच्या सेठले दसऱ्याच्या आधीच दाखवतो.